वरच्या मजल्यावरची केबिन घेतली, तरी बोट लागतेच

ठाण्यात घोडबंदरपासून खारघर-बेलापूरपर्यंत, पहिल्या क्रूझचा बेत आखणाऱ्या आईबाबांना एक सल्ला हमखास मिळतो: 'मुलं लहान आहेत ना? मग सगळ्यात वरच्या डेकवरची बाल्कनीची केबिन घ्या, मोकळ्या हवेत बोट लागत नाही.' हा समज चुकीचा आहे, आणि महागातही पडतो.

जहाज लाटांवर पुढून-मागून वरखाली होतं आणि दोन्ही बाजूंना कलतं. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं, मध्यापासून जितकं लांब तितका हेलकावा मोठा. म्हणून नाक आणि शेपूट ही टोकं सर्वात जास्त उसळतात, आणि बाजूला कलणं वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतं. जहाजाच्या पोटाशी लावलेले स्थिरक पंख हे कलणं बरंच कमी करतात. पुढून-मागून उसळणं मात्र फारसं थांबवत नाहीत. सर्वात शांत जागा खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर. ती बहुधा स्वस्तही असते! खिडकी हवी असेल तर तिथेच समुद्र दिसणारी खोली घ्या. क्षितिज दिसलं की मळमळ कमी होते, तेवढं त्या सल्ल्यात खरं आहे.

जहाजाच्या नकाशावर केबिनच्या वरचा-खालचा मजलाही तपासा. डोक्यावर स्विमिंग पूल किंवा थिएटर असेल, तर बाळाची दुपारची झोप गेली म्हणून समजा.

जहाज निवडताना वयाची अट आधी विचारा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. आणि मुंबईहून निघणार असाल, तर पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र टाळाच.