रस्ते अपघातातील भरपाईचा दावा: पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

भरपाईच्या दाव्याचे बरेचसे नुकसान अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यातच होऊन जाते. केसपेपरवर ‘पाय घसरून पडला’ असे लिहिले जाते, फिर्याद उशिरा दिली जाते आणि औषधांची बिले कुणाच्या तरी पिशवीत राहून जातात. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमक्या याच गोष्टी काढतो. त्यामुळे रुग्णाला दाखल करतानाच अपघात कुठे, केव्हा आणि कोणत्या वाहनामुळे झाला हे डॉक्टरांना सांगा. एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद झाली का, हेही विचारून घ्या.

दावा कोण करू शकतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्ती स्वतः दावा करू शकते. मृत्यू झाला असेल तर कायदेशीर वारस दावा करतात. पादचारी, सायकलस्वार, गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला, बस-रिक्षातला प्रवासी, सगळेच यात येतात. मृत्यूच्या प्रकरणात सर्व वारसांची नावे अर्जात घ्यावी लागतात. सासू-सुनेचे पटत नाही म्हणून एकीचे नाव गाळले की प्रकरण तिथेच रखडते.

कलम १६६ खाली समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. स्वतःची मोटारसायकल स्वतःच घसरली तर हा मार्ग नाही. अशा वेळी पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, ते पाहायचे. नूतनीकरणाच्या वेळी दोन पैसे वाचवायला लोक नेमके तेच काढून टाकतात.

चूक कोणाची हा वादच नको असेल तर कलम १६४ आहे. त्यात मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरलेली रक्कम मिळते. मात्र ती स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. कमावता तरुण माणूस गेला असेल तर घाईने सही करू नका.

कुठे आणि किती दिवसांत?

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे राहण्याचे ठिकाण किंवा प्रतिवादीचे (ज्याच्यावर दावा आहे त्याचे) ठिकाण, यांपैकी कुठलाही जिल्हा निवडता येतो. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही.

१ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, त्यामुळे उशीर झाला असला तरी वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडून देऊ नका.

दरम्यान पोलिसांचेही काम ठरलेले आहे. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे जायला हवा. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का याची तपास अधिकाऱ्याकडे चौकशी करत राहा, कारण तुमचे उत्पन्न, वारस आणि बँक खाते यांची माहिती त्यात तुमच्याकडूनच भरली जाते.

कागदपत्रे

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती घ्या. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसांचे ओळखपत्र, नाते दाखवणारे रेशनकार्ड वगैरे. दवाखान्याकडून डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि छापील बिले. औषधाच्या प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली असेल तर त्यावर वाद होत नाही.

उत्पन्नाच्या पुराव्यावर रक्कम ठरते. नोकरदाराला पगारपत्रक आणि फॉर्म १६, शेतकऱ्याला सातबारा आणि विक्रीच्या पावत्या, दुकानदाराला आयकर विवरणपत्र. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते आणि तो अंदाज सहसा कमीच असतो.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत मोठा गैरसमज आहे. दाखल्यावर ६० टक्के लिहिले म्हणजे कमाईचे नुकसानही ६० टक्केच, असे नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे डाव्या हाताच्या उदाहरणाने समजावले आहे. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. म्हणून दाखल्यासोबत तुम्ही नेमके कोणते काम करत होता, ते हाताने की पायाने, उभे राहून की बसून, याचा पुरावा द्या. मालकाचे पत्र, सहकाऱ्याची साक्ष, काहीही चालते.

मृत्यूच्या दाव्यात वार्षिक उत्पन्नातून मृताचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. २६ ते ३० वयाला १७, ४१ ते ४५ ला १४. भविष्यातील उत्पन्नवाढही मोजली जाते. ४० वर्षांखालील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी ती ४० टक्के धरतात. वयाचा दाखला त्यामुळे महत्त्वाचा.

वाहन पळून गेले असेल तर

वाहनाचा पत्ताच लागला नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. यासाठी न्यायाधिकरणात जायचे नाही. जिथे अपघात झाला त्या भागातील प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे विहित नमुन्यात अर्ज, सोबत एफआयआर, वैद्यकीय किंवा शवविच्छेदन अहवाल, ओळखपत्र आणि पासबुकाची प्रत द्यायची. मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

उपचाराच्या खर्चासाठी २०२५ पासून नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाची कॅशलेस सोय आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाही कलम १३४अ चे संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. ‘नसती ब्याद’ म्हणून बघ्यांनी मागे सरायचे कारण उरलेले नाही.

खड्ड्यामुळे अपघात

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूंसाठी ६ लाख, तर जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. ही रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायलाही सांगितले. खड्डे बुजवण्याचा याहून नामी उपाय मला तरी सुचत नाही. पण त्यासाठी खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी, आजूबाजूची ओळखीची खूण दिसेल असा काढलेला हवा. चार दिवसांनी तिथे डांबर पडलेले असते.