शुकुबो व तेथील एकांतसाधना

शुकुबो : जपानमधील बौद्ध मंदिराच्या आवारात यात्रेकरू, दाते व साधक यांच्यासाठी चालविले जाणारे निवासस्थान. डोंगरातील शिंतो क्षेत्रांच्या पायथ्याशीही अशी घरे आढळतात. शुकुबोत एकट्याने राहून काही दिवस ध्यानात घालविण्याची प्रथा आज जपानबाहेरही परिचित आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कोयासान (कोया पर्वत, वाकायामा प्रांत) येथील शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध पंथाच्या परंपरेचा विचार केला आहे, कारण शुकुबोंची सर्वांत दाट वस्ती व सलग कागदपत्रे तेथेच आहेत.

उगम : शुकुबोच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे पाहुण्या भिक्षूंसाठी राखलेल्या खोल्या हे शुकुबोचे मूळ रूप होय. हेइआन काळाच्या (७९४–११८५) उत्तरार्धात दरबारी सरदार लांबच्या क्षेत्रांना जाऊ लागले, तेव्हा याच खोल्या त्यांच्या उतरण्यासाठी वापरात आल्या. दुसरे मत शुकुबोचा संबंध ‘सानरो’ या व्रताशी जोडते. सानरो म्हणजे इष्ट देवतेच्या मंदिरात ठराविक दिवस, बहुधा ७, २१ किंवा १००, स्वतःला कोंडून घेऊन प्रार्थना करणे व स्वप्नात कौल मिळण्याची वाट पाहणे. हासे-देरा, इशियामा-देरा, कियोमिझु-देरा ही कान्नोनची (अवलोकितेश्वराची) मंदिरे त्यासाठी प्रसिद्ध होती. व्रतस्थ माणूस सभामंडपातच पडदे व फळ्या लावून केलेल्या कप्प्यात राही. व्रत करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. अकराव्या शतकातील ‘साराशिना निक्की’ या रोजनिशीत लेखिकेच्या आईने हासेला स्वतः न जाता एका भिक्षूला आरसा देऊन पाठविल्याचा उल्लेख आहे. मुलीच्या भवितव्याविषयीचे स्वप्न त्याने तीन दिवस तेथे राहून पाहायचे होते. म्हणजे एकांतवास दुसऱ्याकरवी करवून घेण्याचीही सोय होती!

सानरोचे सर्वांत परिचित उदाहरण जोदो शिन्शू पंथाचा प्रवर्तक शिनरान (११७३–१२६२) याचे. इ. स. १२०१ मध्ये त्याने क्योतोच्या रोक्काकु-दो मंदिरात १०० दिवसांचे व्रत धरले आणि ९५व्या दिवशी पहाटे त्याला दृष्टांत झाला. त्यानंतर तो जोदो (शुद्धभूमी) पंथाचा संस्थापक होनेन याच्याकडे गेला. हा तपशील त्याची पत्नी एशिन्नी हिच्या पत्रांतून मिळतो. ही पत्रे १९२१ मध्ये निशी होंगान-जीच्या भांडारात सापडली. तोवर शिनरानच्या ऐतिहासिकत्वाविषयीही शंका घेतली जात असे; पत्रांनी तो वाद बहुतांशी मिटविला.

दोन्ही मतांत तथ्य आहे. निवासाची व्यवस्था, यजमान-पाहुणा हे नाते आणि त्याचा आर्थिक व्यवहार पहिल्या धाग्यातून आले असावेत. एकट्याने राहण्यामागची धारणा मात्र दुसऱ्या धाग्याला जवळची दिसते. एइहेइ-जी या सोतो झेन मठात (स्थापना १२४४) रात्रीच्या मुक्कामाला आजही सानरो असेच म्हणतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे स्वप्नाची अपेक्षा अर्थातच उरलेली नाही.

कोयासान : शिंगोन पंथाचा संस्थापक कूकाई (७७४–८३५, मरणोत्तर पदवी कोबो दाइशी, ९२१) याने ८१६ मध्ये सम्राट सागाकडे अर्ज करून हे पठार मागून घेतले. योशिनोहून दक्षिणेला एक दिवस व तेथून पश्चिमेला दोन दिवस चालल्यावर कोया नावाची एकांत सपाट जागा लागते, असे त्याने अर्जात लिहिले आहे. देशात मोठी मंदिरे पुष्कळ असली, तरी उंच डोंगरात ध्यान करणारे थोडे, ही त्याची तक्रार होती. तरुणपणी त्याने स्वतः शिकोकू बेटावरील मुरोतो भूशिराजवळ आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचे अनुष्ठान एकट्याने केले होते. कोयासान वसविण्यामागे या अनुभवाचा वाटा असावा.

पठाराची उंची सु. ८००–९०० मी. असून भोवती आठ शिखरे आहेत. ९९४ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत मध्यवर्ती वास्तू जळाल्या व वस्ती जवळजवळ उठली. १०२३ मधील फुजिवारा नो मिचिनागा या दरबारातील सर्वांत प्रबळ सरदाराच्या यात्रेनंतर राजघराण्याचा व सरदारांचा ओघ वाढला. पुढे ‘कोया हिजिरी’ नावाचे फिरस्ते साधू गावोगाव वर्गणी गोळा करीत, मृतांच्या अस्थी डोंगरावर आणीत आणि यात्रेकरूंना आपल्या झोपड्यांत उतरवून घेत. कोयासानच्या शुकुबोंच्या घडणीत त्यांचा वाटा विद्वान सामान्यतः मान्य करतात.

सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी एकेका उपमंदिराशी लेखी करार केले. अमक्या प्रांताच्या माणसाने कोयाला आल्यावर तमक्याच मंदिरात उतरावे, असा त्यांचा आशय असे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या असतात, तसाच हा प्रकार होता. एकट्यादुकट्या वाटसरूला मोकळी निवड नव्हती. त्याचे गाव त्याची खोली ठरवी.

मेइजी राजवटीत (१८६८ पासून) ही घडी विस्कटली. १८७१ मध्ये मंदिरांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. १८७२ मध्ये पवित्र डोंगरांवरील स्त्रीबंदी शासनाने उठविली. कोयासानवर ती व्यवहारात उठायला विसावे शतक उजाडले. तोवर स्त्रियांना सीमेवरच्या ‘न्योनिन-दो’ या आश्रयगृहांपुढे जाता येत नसे. त्यांपैकी एकच आज शिल्लक आहे. जमिनीचे उत्पन्न गेल्यामुळे मंदिरांना मुक्कामाच्या पैशांवर अवलंबून राहावे लागले, आणि शुकुबोचे आजचे स्वरूप त्यातून आले. कोयासानवर सध्या ११७ मंदिरे असून त्यांपैकी सु. ५० ठिकाणी उतरण्याची सोय आहे. २००४ मध्ये कीइ पर्वतरांगेतील पवित्र स्थळे व यात्रामार्ग यांच्यासह कोयासानचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

अजिकान : शिंगोन शुकुबोत एकट्या पाहुण्याला शिकविले जाणारे ध्यान म्हणजे ‘अजिकान’, अर्थात ‘अ’ या अक्षराचे ध्यान. साधकापुढे एक उभे चित्र टांगलेले असते. त्यात पांढरे चंद्रमंडल, आठ पाकळ्यांचे कमळ आणि सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतील सोनेरी ‘अ’ असतो. शिंगोन पंथात वज्रधातू व गर्भधातू अशा दोन मंडल-परंपरा आहेत. वज्रधातू परंपरेच्या चित्रात कमळ चंद्रमंडलाच्या आत येते, तर गर्भधातू परंपरेत कमळावर चंद्रमंडल ठेवलेले असते. प्रचारात पहिला प्रकार अधिक दिसतो. मंडलाचा व्यास कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढा, सु. एक हात, धरण्याचा संकेत आहे.

बैठक अर्धपद्मासनाची, हात मांडीवर एकावर एक, अंगठ्यांची टोके टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. आधी श्वास मोजायचे. मग श्वास सोडताना ‘अ’चा दीर्घ उच्चार करायचा, पुढे तो मनातल्या मनात. त्यानंतर चंद्रमंडल छातीशी आणून ते हळूहळू खोलीएवढे, डोंगराएवढे, आकाशाएवढे वाढवायचे आणि पुन्हा मूळ आकाराला आणायचे. अक्षराचे ध्यान याच्या पुढचे. नवख्या पाहुण्याची मजल बहुधा श्वास आणि ‘अ’च्या उच्चारापर्यंतच जाते. त्याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षितही नसते.

या ध्यानाचा आधार ‘महावैरोचनसूत्र’ हा होय. नालंदेत शिकलेल्या शुभाकरसिंहाने (६३७–७३५) यी-शिंग या शिष्याच्या साहाय्याने चीनमध्ये सु. ७२४–७२५ च्या दरम्यान त्याचे भाषांतर केले. ‘अ’ म्हणजे सर्व धर्मांचे (येथे अर्थ वस्तुमात्राचे) मुळातच अनुत्पन्न असणे, हा त्यातील सिद्धांत त्याहून जुना आहे. प्रज्ञापारमिता ग्रंथांतील अरपचन वर्णमालेत ‘अ’ची फोड ‘आद्यनुत्पन्नत्वात्’ अशीच केलेली आढळते. वैदिक परंपरेतही ‘अ’ला आद्य स्थान आहे: ऐतरेय आरण्यकात ‘अकारो वै सर्वा वाक्’ असे वचन असून गीतेतील ‘अक्षराणामकारोऽस्मि’ सर्वपरिचित आहे. तथापि या वचनांचा अजिकानशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. बौद्धांनी ‘अ’ हे अक्षर नकारवाचक उपसर्ग म्हणून घेतले आहे. वैदिक वचनांचा भर त्याच्या सर्वव्यापी नादावर आहे.

कूकाई ८०४ ते ८०६ या काळात चीनमध्ये होता. हुइ-ग्वो (७४६–८०५) या चिनी मंत्रमार्गी आचार्याकडून त्याने दीक्षा घेतली. संस्कृत तो प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे शिकला. परत येताना आणलेल्या ग्रंथांच्या यादीत ४२ संस्कृत मंत्र-स्तोत्रग्रंथ आहेत. सिद्धम् वर्णांचे अर्थ सांगणारी पुस्तिकाही त्याच्या नावावर आहे. जपानी भिक्षू या विद्येला ‘शित्तान’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘ओनामासीधं’मधला ‘सीधं’ आणि हा शब्द एकच.

अजिकान ही स्वतंत्र साधना म्हणून कधी रूढ झाली, याबद्दल एकवाक्यता नाही. परंपरेनुसार कूकाईने ती तोंडी शिकविली व त्याचा शिष्य जित्सुए (७८६–८४७) याने ‘अजिकान योजिन कुकेत्सु’ या टिपणात लिहून ठेवली. टिपणाच्या कर्तृत्वाविषयी काही अभ्यासकांना शंका आहे. कूकाईच्या निःसंशय अस्सल ग्रंथांत ‘अ’चा विचार विपुल असला, तरी तो विस्तृत मंत्रविधीचा भाग म्हणून येतो. केवळ ‘अ’च्या चित्रापुढे बसण्याची सुटसुटीत पद्धत तेथे वेगळी मांडलेली दिसत नाही. अजिकानवरील पुस्तिकांची संख्या बाराव्या शतकापासून एकदम वाढते. शिंगोन भिक्षू काकुबान (१०९५–११४३) याने या विषयावर लिहिले आणि तेराव्या शतकाच्या आरंभी केगोन पंथाचा भिक्षू म्योए (११७३–१२३२) यानेही त्यात रस घेतला. यावरून बीज कूकाईचे, पण सुटी साधना हेइआन काळाच्या अखेरीची, असे मानणे सयुक्तिक वाटते. गृहस्थांसाठीचे वर्ग त्याच्याही फार पुढचे, आधुनिक काळातले आहेत. भिक्षूंची खरी एकांतसाधना म्हणजे ‘शिदो केग्यो’ हे सु. १०० दिवसांचे पूर्वानुष्ठान. ते पाहुण्यांना खुले नसते.

दिनक्रम : पाहुणा दुपारी येतो. खोली तातामी चटयांची, दारे सरकती कागदी, हिवाळ्यात रॉकेलची शेगडी किंवा पांघरूण घातलेले कोतात्सू मेज. भिंती पातळ असल्याने शेजारच्या खोलीतला खोकलाही ऐकू येतो. निःशब्दतेच्या अपेक्षेने आलेल्यांनी हे जाणून असावे. संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहालाच, लाल लाखेच्या बुटक्या चौरंगांवर येते. मांस, मासे वर्ज्य असून कांदा-लसूणही चालत नाही. तीळ व कुझू या वेलीच्या कंदाचे सत्त्व घोटून केलेले गोमा-दोफू आणि टोफू (सोयाबीनचे पनीर) गोठवून सुकविलेले कोया-दोफू हे इथले खास पदार्थ. मद्य निषिद्ध असले, तरी थंडीच्या नावाखाली ते ‘हान्न्या-तो’, म्हणजे प्रज्ञेचे ऊन पाणी, या टोपणनावाने मिळते. जेवण होईपर्यंत बिछाना घातलेला असतो.

पहाटे साधारण सहा-साडेसहाला प्रार्थना होते. शिंगोन मंदिरांत ‘रिशु-क्यो’ हे सूत्र (अमोघवज्रकृत चिनी भाषांतर) म्हणतात. काही ठिकाणी त्यानंतर ‘गोमा’ असतो. गोमा म्हणजे आपला होमच. अचल या उग्र रक्षक देवतेसाठी (फुदो म्योओ) केलेल्या गोम्यातही पहिले आवाहन अग्नीचे (का-तेन) असते. इच्छा लिहिलेल्या लाकडी पट्ट्या आहुतीत पडतात. पाहुण्यांपैकी पुष्कळजण नंतर ओकुनो-इन या स्मशानभूमीकडे जातात. सु. दोन किमी. वाटेच्या दुतर्फा देवदारसदृश सुगी वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक स्मारके आहेत. कूकाई तेथे समाधीत जिवंत आहे या श्रद्धेने त्याला दररोज दोनदा नैवेद्य नेला जातो.

एकटेपणाचे स्वरूप : शुकुबोतील एकांत संपूर्ण नसतो. खोली एकट्याची असली, तरी प्रार्थना, गोमा व बहुतेक ठिकाणी ध्यानही सर्वांबरोबरच असते. झेन मंदिरांत तर एकट्याने बसण्याला फारसे स्थानच नाही: सोतो पंथात भिंतीकडे तोंड करून, रिंझाईत एकमेकांकडे तोंड करून, पण बसायचे ते ओळीतच. एइहेइ-जीत साध्या सानरोहून ‘सानझेन’ हा मुक्काम वेगळा मानतात व त्याची शिस्त कडक असते.

अन्य क्षेत्रे : नागानोच्या झेन्को-जीभोवती ३९ शुकुबो असून त्यांपैकी २५ तेंदाई व १४ जोदो पंथाकडे आहेत. निचिरेन पंथीयांच्या मिनोबु पर्वतावर आणि हागुरो पर्वताच्या पायथ्याशी तोगे येथेही त्यांची जुनी वस्ती आहे. तोगेतील घरे पर्वतसाधकांची (यामाबुशी) असल्यामुळे तेथील साधना बसण्यापेक्षा चालण्याची असते.

कायदेशीर स्थिती : पैसे घेऊन मुक्काम देणारी मंदिरे १९४८ च्या निवासगृह व्यवसाय कायद्याखाली परवाना घेतात. १५ जून २०१८ पासून खाजगी घरांत पाहुणे ठेवण्याचा कायदा लागू झाला. त्याखाली वर्षाला १८० दिवसांच्या मर्यादेत पाहुणे ठेवता येतात. खेड्यांतील यजमानवर्ग आटलेल्या लहान मंदिरांपुढेही त्यामुळे हा पर्याय आला. शुल्क माणशी, दोन जेवणांसह आकारतात. एका खोलीत एकच पाहुणा असेल तर काही मंदिरे अधिभार घेतात, आणि गर्दीच्या हंगामात, विशेषतः शरदातील पानगळीच्या दिवसांत, काही मंदिरे एकट्याला खोली देतही नाहीत.