आपत्कालीन निर्गमनाचे संगणकीय सिम्युलेशन

आग लागली, धूर पसरला, तर एखादी इमारत, स्टेडियम, रेल्वे स्थानक किंवा जहाज किती वेळात रिकामे होईल आणि गर्दी नेमकी कुठे तुंबेल, हे संगणकावर आधीच चालवून पाहण्याची पद्धत. नकाशावर भिंती, जिने, दारे आखून त्यात शेकडो-हजारो आभासी माणसे सोडली जातात.

एका प्रकारच्या प्रारूपात जमिनीचे साधारण ४० सेंमीचे चौकोन पाडतात. एका चौकोनात एकच माणूस उभा राहू शकतो आणि दर टप्प्याला तो शेजारच्या रिकाम्या चौकोनात सरकतो. दुसरा प्रकार १९९५ मध्ये डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी मांडला. त्यात माणसाची पुढे जाण्याची ओढ आणि इतरांपासून, भिंतींपासून अंतर राखण्याची धडपड बलांच्या रूपात मोजली जाते. २००० मध्ये हेल्बिंग, फार्काश आणि विचेक यांनी ‘नेचर’मध्ये याच प्रारूपात अंगाला अंग भिडल्यावरचा दाब आणि घर्षण मिसळले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही चटका लावतो: सगळ्यांनी घाई केली की सगळ्यांनाच उशीर होतो. अरुंद दाराशी खांद्याला खांदा अडकून माणसांची कमान तयार होते, क्षणभर कोणीच बाहेर पडत नाही. कमान मोडली की काही जण एकदम बाहेर फेकले जातात आणि मागून नवी कमान धरते. स्पेनमध्ये माणसांवर आणि मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतही हाच परिणाम दिसला. दारासमोर जरा बाजूला खांब उभारला तर दाब फुटून वाट मोकळी होते, हे त्याच प्रारूपाचे भाकीत मात्र माणसांच्या बाबतीत तितके ठामपणे सिद्ध झालेले नाही.

मोठी उणीव वेगळीच आहे. शरीरांची ढकलाढकली गणितात चांगली बसते, माणसाचा निर्णय बसत नाही. भोंगा वाजल्यावर लोक आधी थांबतात, एकमेकांकडे पाहतात, मुलांना शोधतात, सामान गोळा करतात. हा सुरुवातीचा विलंब कित्येकदा प्रत्यक्ष चालण्याच्या वेळेपेक्षा जास्त असतो. शिवाय पाय वळतात ते ओळखीच्या दाराकडे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबला आग लागून १०० जण मृत्युमुखी पडले. इतर दारे असूनही बहुतेकांनी आत आलेल्या मुख्य दाराकडेच धाव घेतली आणि तिथेच माणसांचा खच पडला. अशा घटनांना सरसकट ‘घबराट’ म्हणणे अन्यायाचे आहे. संकटात लोक अनोळखी माणसालाही हात देतात, हे वाचलेल्यांच्या जबान्यांतून वारंवार दिसते. दोष बहुधा दाराच्या रुंदीचा आणि उशिरा मिळालेल्या सूचनेचा असतो.

जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने निर्गमन-विश्लेषणाची मार्गदर्शक तत्त्वे आखली आहेत. मक्केजवळच्या जमरात पुलावर जानेवारी २००६ मध्ये तीनशेहून अधिक हज यात्रेकरू दगावले. तिथल्या चित्रफितींच्या अभ्यासातून दाट गर्दीत लाटांसारखे धक्के कसे उसळतात ते कळले; पुढे तिथे बहुमजली पूल उभा राहिला.

भारतात ही साधने वापरताना आकडे तपासून घ्यावे लागतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात एका रांगेत चालणारे भारतीय जर्मनांपेक्षा कमी अंतर ठेवतात आणि गर्दी वाढली तरी त्यांचा वेग तितका घटत नाही, असे आढळले. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक प्रवासी गेले. तसल्या जिन्याची क्षमता युरोपात मोजलेल्या वेगांवरून ठरवली, तर उत्तर चुकण्याची दाट शक्यता आहे.