पाटीच्या दगडावरची द्राक्षं

ऑक्टोबर महिना. नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, घाई चाललेली असते. काडीवर मोजके डोळे, म्हणजे कोंब, राखायचे, ते फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची आणि सगळे डोळे एकसारखे फुटतात का, याकडे नजर लावून बसायचं. त्याच दिवसांत जर्मनीत, मोझेल नदीच्या काठी, वाइनच्या द्राक्षांचं वर्षभराचं पीक उतरवणं चालू असतं. ते उतरलं की तिथली वेल झोपी जाते. पानं गळण्याआधी त्यांनी बनवलेली साखर स्टार्चच्या रूपात खोडात आणि मुळांत साठलेली असते. काड्या पिकून तपकिरी होतात, डोळ्यांतलं पाणी कमी होतं आणि मग उणे १५ अंशांच्या आसपासची थंडीही ते डोळे सोसतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला वेळापत्रक लावून द्यावं लागतं. मोझेलकाठी ते वेळापत्रक थंडी लावते.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, तर मोझेलचं खोरं ५० अंशांच्या जवळ. द्राक्षशेतीच्या दृष्टीने ही जवळजवळ शेवटची पायरी. १० अंश सेल्सिअसच्या खाली द्राक्षवेल वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि तिथे एप्रिलमध्ये कुठे ती वाढ सुरू होते. जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टच्या अखेरीला मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला सुरुवात, ऑक्टोबरात काढणी. एवढ्या अवधीत जेवढं ऊन मिळेल तेवढ्यावर साखर तयार व्हायची. एका गोष्टीत मात्र उत्तर उदार आहे. जूनमधला दिवस तिथे १६ तासांहून मोठा असतो, नाशिकला तो साडेतेराच्याही आत संपतो. म्हणजे प्रकाश भरपूर, पण ऊब बेताची.

ही ऊब गोळा करायला मोझेलच्या माणसांनी जे केलं आहे, ते पाहून मी थक्क होतो. सपाट, सुपीक जमीन त्यांनी इतर पिकांना सोडली आणि वेल लावली ती उभ्या कड्यांवर. ब्रेम गावाजवळचा काल्मॉन्ट हा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षबागांमध्ये त्याची गणना होते. हा हौसेचा मामला नव्हे, साधी भूमिती आहे. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१-३२ अंश वर असतो. सपाट जमिनीवर त्याचे किरण तिरके पडतात आणि पसरून जातात. तीच जमीन दक्षिणेकडे ४० अंशांनी कललेली असेल, तर किरण जवळपास काटकोनात येतात आणि तेवढ्याच जागेवर सुमारे १.८ पट थेट ऊन मिळतं. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाकडे आपण पाठ करून बसतो ना, तसा तो अख्खा डोंगर सूर्याकडे तोंड करून बसलेला आहे.

डोंगरही साधा नाही. तो स्लेटचा आहे, म्हणजे ज्या दगडी पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्यांनी अ-आ-इ गिरवलं, तो दगड. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल पुढे दाबाखाली थरांचा दगड झाला, तो हा. बागेत माती फारशी दिसत नाही, पाटीच्या काळ्या-निळ्या कपच्यांचा थर पसरलेला असतो. दिवसभर या कपच्या तापतात आणि सूर्य गेल्यावर ती ऊब हळूहळू घडांना परत करतात. पावसाचं पाणी त्यांच्यातून झटकन निचरून जातं आणि मुळं भेगांमधून खोल उतरतात. खाली नदी आहे. तिचं पाणी थंडीच्या लाटेला थोडं बोथट करतं आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश उतारावर येतो. फ्रान्सच्या वोज पर्वतात उगम पावलेली मोझेल कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळेपर्यंत इतकी वळणं घेते, की प्रत्येक वळणावर दक्षिणेकडे तोंड असलेला एखादा तरी उतार सापडतोच. बागा तिथेच. समोरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बहुधा जंगल.

अशा उतारावर मांडव घालता येत नाही, तारा ओढणंही कठीण. म्हणून प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब दिलेला असतो आणि तिच्या दोन काड्या वाकवून खांबाला अशा बांधतात, की लांबून बदामाचा आकार दिसावा. कामगार वेलीच्या कुठल्याही बाजूने जाऊ शकतो. ट्रॅक्टर चढत नाही. काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी दातेरी गाडी घडांचे क्रेट वर-खाली नेते, बाकी सगळं माणसाच्या पाठीवर. मोझेल प्रदेशात आज साधारण साडेआठ हजार हेक्टरवर द्राक्षं आहेत आणि त्यातला बराच मोठा भाग अशा तीव्र उतारांवर आहे.

इथली राणी म्हणजे रीसलिंग ही पांढरी जात. तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४३५ सालचा, ऱ्युसेल्सहाइमच्या एका सरदाराच्या खर्चाच्या हिशेबातला आहे. तिचं लाकूड कणखर, फूट उशिरा आणि पिकणंही उशिरा. थंड प्रदेशात उशिरा पिकणारी जात लावणं वरवर वेडेपणाचं वाटतं. लवकर पिकणाऱ्या जाती हव्यात म्हणून गायझेनहाइमच्या द्राक्ष-संशोधन संस्थेत १८८२ साली स्वित्झर्लंडच्या थुरगाव प्रांतातून आलेले हेर्मान म्युलर यांनी एक संकर केला, आणि म्युलर-थुरगाव ही जात जर्मनीभर पसरली. आपण रीसलिंग आणि सिल्व्हानर या जातींचा संकर केला, असं ते समजत होते. पुढे डीएनए तपासणीत दुसरा पालक मादलेन रॉयाल ही जात निघाली. म्युलर-थुरगाव भरघोस पिकते, लवकर पिकते, पण चवीत रीसलिंगच्या जवळ जात नाही. याचं कारण आम्लात आहे, आणि माझ्या मते थंड प्रदेशातल्या वाइनचं मर्म तिथेच आहे.

कच्च्या मण्यात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक, म्हणजे चिंचेतलं. दुसरं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. पाणी उतरल्यावर मण्यात साखर भरू लागते आणि त्याच वेळी मण्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक आम्ल इंधनासारखं जाळू लागतात. हवा जितकी गरम, तितकं ते भराभर जळतं. टार्टारिक आम्ल तसं सहजी जळत नाही. त्यामुळे उष्ण प्रदेशात साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरतं आणि वाइन बेचव, जड होऊ नये म्हणून रसात बाहेरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं. मोझेलच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या रात्री गार असतात. रात्री श्वसन मंदावतं आणि आम्ल टिकून राहतं. दिवसा पानं साखर करत राहतात आणि सुगंधाची द्रव्यं सावकाश साठतात. उशिरा पिकणारी रीसलिंग नेमकी याच गार दिवसांत पिकते, तर लवकर पिकणाऱ्या जातीचे शेवटचे आठवडे उबेत जातात. फळाला गोडी येईपर्यंत त्याचा आंबटपणा शाबूत राहणं, हे थंडीचं देणं.

पण हे देणं दर वर्षी मिळायचं असं नाही. पूर्वी कित्येक वर्षी आम्ल तेवढं राहायचं आणि साखर चढायचीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ट्रिअरच्या लुडविग गाल यांनी अशा रसात साखर आणि पाणी घालून आंबवण्याची पद्धत सांगितली, ती गरीब बागाईतदारांना वाचवण्यासाठीच. म्हणूनच रसातल्या साखरेला जर्मनीत केवढं महत्त्व! आपला बागाईतदार ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, मोजतो, तिथला एक्सले. एक लिटर रसाचं वजन १,००० ग्रॅमपेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितके अंश एक्सले. ८० एक्सले म्हणजे साधारण १९ ब्रिक्स. १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने दर्जाच्या पायऱ्या ठरवल्या, त्याही या आकड्यावर.

मग तळघरातलं काम. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. मोझेलची तळघरं गार आणि पारंपरिक पिंपं सुमारे हजार लिटरची. पूर्वी डिसेंबरात तळघर इतकं गारठायचं, की यीस्ट मध्येच थंडावायचं आणि थोडी साखर न आंबता राहून जायची. आज रस मुद्दाम थंड करून आणि गाळून हेच साधतात. अल्कोहोल जेमतेम ८ टक्के, जिभेला गोडवा आणि त्याला कापत जाणारं आम्ल. ज्याने लिंबाचं सरबत नीट जमवलं आहे, त्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. लिंबू कमी पडलं, तर तीच साखर नकोशी होते.

थंडीचा सर्वांत टोकाचा उपयोग म्हणजे आइसवाइन. फेब्रुवारी १८३० मध्ये बिंगनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावात आदल्या हंगामातले, न तोडलेले गोठलेले घड जनावरांसाठी काढले गेले आणि त्यातून दाट, गोड रस निघतो हे लक्षात आलं. आज नियम असा आहे, की उणे ७ अंश किंवा त्याहून थंडीत, वेलीवरच गोठलेले मणी तोडायचे आणि गोठलेल्या अवस्थेतच दाबयंत्रात घालायचे. तोडणी बहुधा पहाटेच्या काळोखात होते आणि मणी गोट्यांसारखे टणक असतात. यामागचं विज्ञान शाळेबाहेरच्या बर्फाच्या कांडीवर आपण सगळेच शिकलो आहोत. कांडी जोरात चोखली की रंग आणि गोडी आधी येते, हातात नुसता पांढरा बर्फ उरतो. साखर मिसळली की पाणी शून्याच्या खाली गोठतं, आणि गोठताना पाण्याचे स्फटिक साखरेला बाहेर ढकलतात. मण्यातलं पाणी बर्फ होऊन दाबयंत्रात अडकतं, बाहेर येतो तो साखर आणि आम्ल दोन्ही एकवटलेला रस, थेंबाथेंबाने.

त्यासाठी घड जाळ्यांखाली झाकून डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवर राखावे लागतात. पक्षी, पाऊस, कूज, सगळ्यांचा धोका पत्करून. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही द्राक्षप्रदेशात तापमान पुरेसं खाली गेलं नाही आणि देशभरात कुठेही आइसवाइन झाली नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

हिवाळा सौम्य झाला म्हणजे थंडीचा धोका टळला, असंही नाही. ऊब लवकर आली की डोळे लवकर फुटतात आणि मग उशिराचं हिमतुषार कोवळ्या फुटींना गाठतं. एप्रिल २०२४ मध्ये हेच झालं. मोझेल, तिच्या सार आणि रूव्हर या उपनद्यांची खोरी, पूर्वेचे सॅक्सनीसारखे प्रदेश, सगळीकडे हिरव्या फुटी एका रात्रीत काळ्या पडल्या. त्या भागात मेच्या मध्याला ‘हिमसंतां’चे दिवस मानतात, १५ मेची ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय शेतकरी निर्धास्त होत नाही. तोवर रात्री बागेत मेणाची मोठी भांडी पेटवून ठेवतात. निफाडला पारा घसरला की आपल्याकडे पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात, त्याचीच ही बहीण.

उन्हाचंही गणित उलटं होऊ लागलं आहे. जुन्या रीसलिंगची बाटली उघडली की कधी कधी रॉकेलसारखा वास येतो. तो टीडीएन नावाच्या रेणूचा. मण्यातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांपासून तो घडतो आणि बाटलीत वर्षानुवर्षं वाढत जातो. घडांवर थेट ऊन जितकं जास्त, तितका त्याचा अंश जास्त. जुन्या वाइनमध्ये थोडासा असला तर जाणकारांना तो आवडतो, कोवळ्या वाइनमध्ये नको वाटतो. शिवाय २०१८ सारख्या तापलेल्या उन्हाळ्यात मणी अक्षरशः होरपळतात. पूर्वी सारच्या खोऱ्यातल्या थंड बागांमध्ये दहापैकी जेमतेम तीन-चार वर्षी द्राक्षं नीट पिकतात, असं म्हणत. आता ती बहुतेक वर्षी पिकतात आणि त्या बागांना मागणी आली आहे. ज्या बागाईतदारांचे वडील घडांवर ऊन पडावं म्हणून ऑगस्टमध्ये पानं काढत, ते आता दुपारच्या बाजूची पानं तशीच राखतात, घडांना सावली मिळावी म्हणून.