मिड-इंजिन कॉर्व्हेटची अटकळ

शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचे इंजिन पुढच्या बॉनेटखालून काढून चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसवले जाणार, अशी जी चर्चा 1960च्या दशकापासून 2019पर्यंत चालू राहिली, तिला मोटारप्रेमींच्या जगात हे नाव देता येईल. ‘पुढची कॉर्व्हेट मिड-इंजिन’ ही बातमी इतक्या वेळा छापून आली की तिची गत ‘लांडगा आला रे आला’ अशी झाली. मात्र ही आवई कधीच निराधार नव्हती. लांडगा दर वेळी खरोखर दिसत होता, आणि तो दाखवत होती खुद्द शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स.

कॉर्व्हेट प्रथम जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील प्रदर्शनात झळकली. त्या वर्षी फक्त 300 गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. त्याच वर्षी कंपनीत रुजू झालेले झोरा आर्कस-डंटोव्ह हे अभियंते पुढे या गाडीचे सर्वेसर्वा ठरले. मिड-इंजिनचा ध्यास त्यांचाच. वजन मागच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या चाकांवर आले तर चाकांची पकड वाढते; शिवाय जड इंजिन गाडीच्या मध्याजवळ असल्याने वळणावर ती चपळ होते. 1960 मध्ये त्यांनी ‘सर्व्ह-1’ ही एका आसनाची प्रायोगिक गाडी याच तत्त्वावर उभी केली.

त्यानंतर नमुन्यांची रांगच लागली. 1968 मध्ये अ‍ॅस्ट्रो-2, 1970च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात आडव्या बसवलेल्या व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची एक्सपी-882, 1973 मध्ये रोटरी इंजिनाच्या, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाच्या, दोन गाड्या. त्यांतल्या चार रोटरच्या गाडीत पुढे व्ही-8 बसवून तिचे नाव एरोव्हेट ठेवले गेले. 1986 मध्ये कॉर्व्हेट इंडी आली, 1990 मध्ये सर्व्ह-3. प्रत्येक नमुना प्रदर्शनाच्या फिरत्या चौथऱ्यावर चमकला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर मिरवला आणि गोदामात गेला. अडचण तंत्रापेक्षा हिशेबाची होती. पुढे इंजिन असलेली कॉर्व्हेट तुलनेने स्वस्त होती आणि खपतही होती. चालत्या गाड्याला खीळ घालायला संचालक तयार नव्हते. डंटोव्ह 1975च्या सुरुवातीला निवृत्त झाले. त्यांचे उत्तराधिकारी डेव्ह मॅक्लेलन यांचा कल पुढच्या इंजिनाकडे होता. डंटोव्ह 1996 मध्ये वारले तेव्हाही बाजारातल्या कॉर्व्हेटचे इंजिन पुढेच होते.

अटकळींचा शेवटचा आणि सर्वांत रंगलेला अंक 2014 नंतरचा. त्या वर्षी कंपनीने ‘झोरा’ हे नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला, आणि पाळतीवरच्या छायाचित्रकारांना चाचणी मैदानात एक विचित्र वाहन सापडले. दिसायला होल्डन या ऑस्ट्रेलियन ब्रँडचा उघड्या हौद्याचा ट्रक, आत मात्र मिड-इंजिन सांगाडा. पुढची काही वर्षे, रूप लपवण्यासाठी नागमोडी काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेल्या चाचणी-गाड्यांचे फोटो ताणून-मोठे करून पाहिले गेले. आरशांची ठेवण, एक्झॉस्टची तोंडे, हवा खेचण्याच्या फटी, सगळ्यावर वाद झाले. गाडी पाहिलेली नाही आणि दिव्यांच्या आकारावरून भांडण: ‘बाजारात तुरी’चा याहून चांगला नमुना मिळणे कठीण. या अतिउत्साहाला पूर्वपीठिकाही होती. 2014च्या सातव्या पिढीत मागचे पारंपरिक गोल दिवे जाऊन कोनदार आले, तेव्हाच जुने चाहते बिथरले होते.

अनेक जाणकारांचा अंदाज होता की मिड-इंजिन गाडी ही वेगळी, महागडी ‘झोरा’ असेल आणि नेहमीची कॉर्व्हेट तिच्या जोडीने चालू राहील. इथे बहुतेकांचा होरा चुकला. एप्रिल 2019 मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा आणि मुख्य अभियंता टॅज जूक्टर नक्षीत झाकलेली गाडी घेऊन न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आले. तिच्या दारावर तारीख लिहिली होती. त्याप्रमाणे 18 जुलै 2019 रोजी कॅलिफोर्नियातील टस्टिन येथे आठवी पिढी उघड झाली. ती वेगळी गाडी नव्हती. तीच आता कॉर्व्हेट होती. 6.2 लिटरचा व्ही-8, 490 अश्वशक्ती आणि सुरुवातीची किंमत 60,000 डॉलरच्या आत. किमतीचा अंदाज बांधणाऱ्यांना हा सुखद धक्का होता. हाताने गियर बदलण्याची सोय मात्र गेली, आणि तिच्यासाठी हळहळणारे अजूनही आहेत. गोल्फच्या पिशव्या मागे मावतील याची काळजी तेवढी घेतली होती. कॉर्व्हेटचे गिऱ्हाईक कोण, हे कंपनी विसरली नव्हती.

आणखी एक जुनी अटकळ जवळजवळ दुर्लक्षित राहून खरी ठरली. 1963च्या कॉर्व्हेट स्टिंग रेची मागची काच मधोमध दुभागलेली होती. रचनाप्रमुख बिल मिचेल यांना ती प्राणप्रिय, तर मागचे दिसत नाही म्हणून डंटोव्ह यांना नकोशी. एका वर्षातच ती गेली आणि तेव्हापासून अधूनमधून तिच्या पुनरागमनाची चर्चा होत आली. 2024 मध्ये सादर झालेल्या 1,064 अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेडआर-1च्या कूपे (दोन दारांच्या, छत असलेल्या) आवृत्तीत ती परतली. इंजिन डंटोव्ह यांना हवे होते तिथे आहे, आणि त्याच्या वर मिचेल यांची दुभागलेली काच. मधला पट्टा आता इंजिनाची उष्णता बाहेर जाऊ द्यायला मदत करतो.