वाफसा

वाफसा (किंवा वापसा) म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही पिकाला मानवतील इतक्या असण्याची अवस्था. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात. मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तिथे हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकली, की ‘वाफसा आला’ म्हणतात. मुरमाड रानात तो एखाद्या दिवसात येतो, भारी काळ्या रानात तीन-चार दिवस किंवा जास्तही लागतात. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी. लाडू वळला, पाणी सुटले नाही आणि खाली टाकताच लाडू फुटला, तर वाफसा आहे.

पेरणी वाफशावर करतात हे कुणालाही सांगावे लागत नाही. पाणी देताना मात्र ही कसोटी विसरली जाते, आणि पाण्याची मोठी नासाडी तिथेच होते. सरी (पिकाच्या दोन ओळींमधला चर) तुडुंब भरली की मुळे गुदमरतात, जादा पाणी मुळांच्या खाली उतरते आणि नत्रही सोबत नेते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे असे पाणी दिल्याने हजारो हेक्टर रान पाणथळ, खारवट, चोपण (सोडियम वाढून घट्ट, पाणी न मुरणारे) झाले. ते सुधारायला आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून निचरा करावा लागतो. यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. कालव्याचे आवर्तन (ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी) मातीची ओल पाहून सुटत नाही, त्यामुळे पुढच्या पाळीची खात्री नसलेला माणूस मिळेल तेवढे पाणी घेतो. शेतीची वीज अनेकदा रात्री येते, आणि अंधारात दारे धरणाऱ्याने, म्हणजे सरीसरीत पाणी वळवणाऱ्याने, माती तपासायची कशी?

वाफसा टिकला की पाण्याची पाळी लांबते. उसाचे पाचट (वाळलेली पाने) न जाळता सरीत पसरले तर बाष्पीभवन घटते. काळ्या रानात भेगा पडण्याआधी कोळपले, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने भुसभुशीत केली, तर ओल आत राहते; ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी म्हणतात ते यासाठीच. शेणखताने हलक्या जमिनीची ओल धरण्याची ताकद वाढते. ठिबकने रोज थोडे पाणी मुळाशी पडते, मात्र संच तासन्‌तास चालू ठेवला तर तिथेही चिखलच होतो.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत बीजामृत (बियाण्याला चोळायचे शेण-गोमूत्राचे मिश्रण), जीवामृत (जमिनीला द्यायचे शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) आणि आच्छादन (माती झाकणारा काडीकचऱ्याचा थर) यांच्या जोडीला वाफसा हा चौथा आधार मानला आहे. त्या पद्धतीत फळझाडाला बुंध्याशी पाणी देत नाहीत. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, त्याच्या बाहेर चर काढून त्यात पाणी सोडतात.