चार्टर शाळा: सनद कुणी दिली, कशासाठी आणि किती वर्षांची

अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत आम्ही पाच वर्षांच्या मुलीसाठी शाळा शोधत होतो, तेव्हा आईने पुण्याहून फोनवर विचारलं, "शाळा सरकारी आहे की खासगी?" मी म्हटलं, "चार्टर." पलीकडे शांतता. मग मीच समजावलं, "आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखी समज. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था वेगळी, फी नाही."

हे उत्तर निम्मंच बरोबर होतं. आपल्याकडे अनुदानित शाळेला मान्यता मिळाली की आजोबा, मुलगा, नातू असे सगळे त्याच बाकांवर बसतात. चार्टर शाळेला मुदत असते. ठरलेल्या वर्षांत ठरलेलं काम झालं नाही तर सरकार ती बंद करू शकतं, आणि अशा शाळा बंद झालेल्याही आहेत. प्राथमिक वर्गासाठी अशी शाळा पारखताना आपण मार्कांचा आकडा पाहतो, मैत्रिणींना विचारतो. मुदतीची ही अट कुठून आली हे कळलं की शाळेत काय पाहायचं ते आपसूक कळतं, म्हणून हा मागचा इतिहास.

चार्टर म्हणजे सनद. शाळेसाठी हा शब्द पहिल्यांदा वापरला तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक रे बडी यांनी, 1974 साली. दाखला दिला हेन्री हडसनचा. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1609 च्या सफरीसाठी हडसनशी करार केला होता: कशासाठी जायचं, किती काळात, मोबदला काय, परतल्यावर हिशेब कुणाला द्यायचा. त्या सफरीत तो ज्या नदीत शिरला तिला आज त्याचंच नाव आहे, आणि तिच्या काठावर जर्सी सिटी उभी आहे. बडींचं म्हणणं साधं होतं. शिक्षकांच्या एखाद्या गटाला वेगळ्या पद्धतीने शिकवून पाहायचं असेल तर स्कूल बोर्डाने, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने, त्यांना थेट सनद द्यावी. उद्देश लेखी, मुदत तीन ते पाच वर्षं, शेवटी हिशेब.

तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. 1983 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाने अमेरिकेची शाळाव्यवस्था धोक्यात असल्याचा अहवाल दिला आणि हवा बदलली. 1988 मध्ये बडींनी आपलं टिपण पुस्तकरूपाने छापलं. त्याच वर्षी 31 मार्चला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये अल्बर्ट शँकर यांनी याच धर्तीची कल्पना मांडली. शँकर हे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. जर्मनीतल्या कोलोन शहरात त्यांनी एक शाळा पाहिली होती. तिथे शिक्षकांचा एकच चमू त्याच मुलांना सहा वर्षं शिकवत असे. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या कुवतीची मुलं एकत्र बसत. अशा छोट्या शाळा शिक्षकांनीच काढाव्यात आणि त्यांत जे जमेल ते बाकीच्या शाळांनी उचलावं, हे त्यांचं स्वप्न. ज्या शाळांवर आज शिक्षक संघटना सडकून टीका करतात त्यांची कल्पना उचलून धरणारा माणूस शिक्षकांचाच नेता होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे नफ्यासाठी शाळा चालवणाऱ्या कंपन्या यात उतरू लागल्या आणि काही वर्षांतच शँकर या कल्पनेचे टीकाकार झाले.

पहिला कायदा मिनेसोटाचा, 1991 सालचा. पहिली शाळा 1992 मध्ये सेंट पॉल शहरात उघडली, तीही अर्ध्यावर शाळा सोडलेल्या मुलांसाठी.

हे लोण मुख्यतः शहरांत का पसरलं? अमेरिकेत घर कुठे यावर शाळा ठरते आणि शाळेच्या पैशाचा मोठा वाटा घरांवरच्या कराचा असतो. आपली मराठी मंडळी एडिसन, प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर या उपनगरांत घर घेतात तेव्हा खरं तर शाळाच घेतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या वाट्याला शहरातली नेमून दिलेली शाळा. जर्सी सिटीत तर 1989 मध्ये राज्य सरकारने सगळ्या सरकारी शाळांचा कारभार स्थानिक बोर्डाच्या हातून काढून घेतला. राज्याने एखाद्या शहराच्या शाळा अशा ताब्यात घेण्याची देशातली ही पहिलीच वेळ. राजकीय वशिल्याने होणाऱ्या नेमणुका आणि मुलांची शैक्षणिक दैना, दोन्ही तक्रारी त्यामागे होत्या. या पार्श्वभूमीवर जानेवारी 1996 मध्ये गव्हर्नर क्रिस्टीन व्हिटमन यांनी न्यू जर्सीच्या चार्टर कायद्यावर सही केली आणि 1997 मध्ये पहिल्या शाळा उघडल्या. जर्सी सिटीत त्या पहिल्या वर्षीच सुरू झाल्या. या राज्यात सनद देतो तो राज्याचा शिक्षण आयुक्त: पहिली चार वर्षांची, मग दर खेपेला पाच वर्षांची. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर लॉटरी. महाराष्ट्रातल्या आरटीईच्या सोडतीला बसलेल्या आईबापांना ती धाकधूक वेगळी सांगायला नको.

त्यानंतर एक गोष्ट अशी घडली की शाळा पारखण्याची रीतच पालटली. 2002 मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. शाळेची ओळख म्हणजे तिचा आकडा, असं समीकरण झालं. याच काळात ह्यूस्टनमध्ये 1994 साली सुरू झालेल्या किपसारख्या संस्थांच्या चार्टर शाळा शहराशहरांत वाढल्या. लांब दिवस, गणवेश, कडक शिस्त, कॉलेजचं ध्येय. सुरुवातीला ही पद्धत पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी होती. मग ती केजीपर्यंत खाली आली.

अशी एक शाळा मी ओपन हाउसच्या, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या दिवशी पाहिली. कॉरिडॉरच्या फरशीवर निळी चिकटपट्टी होती. पहिलीची मुलं हात पाठीमागे बांधून तिच्यावरून एकामागोमाग चालली होती, ओठ मिटून, गाल फुगवून, तोंडात हवेचा फुगा धरल्यासारखी. बोलू नये म्हणून शिकवलेली युक्ती होती ती. वर्गात मात्र बाई फार सुंदर गोष्ट वाचून दाखवत होत्या आणि मुलं तल्लीन होती. दोन्ही खरं होतं. पण सहा वर्षांच्या मुलाने दिवसभर एवढं गप्प राहावं हे माझ्या मनाला पटलं नाही, अजूनही पटत नाही. 2020 मध्ये किपने 'कष्ट करा, चांगलं वागा' या अर्थाचं आपलं जुनं घोषवाक्य सोडून दिलं, तेव्हा आज्ञाधारकपणावरच्या अशा भराचीच फेरतपासणी सुरू होती.

मग या शाळांनी फरक पडतो का? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राने 2009 मध्ये तपासलं तेव्हा गणितात 17 टक्के चार्टर शाळा तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, 37 टक्के कमी आणि उरलेल्या जवळपास सारख्या निघाल्या. त्याच केंद्राने 2015 मध्ये 41 शहरी भागांतल्या चार्टर शाळा पाहिल्या तेव्हा सरासरी त्यांच्या बाजूने झुकली, विशेषतः गरीब, काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या बाबतीत. सगळ्यांत पटण्याजोगे अभ्यास लॉटरीवरचे. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुलं सारख्याच हौशी घरांतली असतात, म्हणून त्यांच्यातला पुढचा फरक बऱ्याच अंशी शाळेचा. बॉस्टनमध्ये तो फरक मोठा दिसला. देशभरातल्या मधल्या इयत्तांच्या शाळांवरच्या 2010 च्या अभ्यासात सरासरी फरक दिसलाच नाही. गरीब घरांतल्या मुलांना गणितात फायदा झाला, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांना उलट तोटा. आयटीत नोकरी करणाऱ्या मराठी आईबापांनी हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचावा. गाजलेल्या शाळेचा आकडा आपल्या मुलाला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

प्राथमिक शाळेत आणखी एक मेख आहे. राज्याची परीक्षा तिसरीपासून. म्हणजे केजी, पहिली, दुसरी या वर्षांचा कुठलाही सरकारी निकाल नसतो. आणि तिसरीचा निकाल तोवर टिकलेल्या मुलांचा. मधे सोडून गेलेली मुलं त्यात नसतात, आणि काही संस्था ठरावीक इयत्तेनंतर रिकाम्या जागा भरत नाहीत. म्हणून इयत्तावार पटसंख्या बघावी. न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याकडे ती दरवर्षीची उपलब्ध असते. एकाच वर्षी केजीच्या तीन तुकड्या आणि चौथीची एक, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. नवी शाळा खालून वर वाढत जाते. गेल्या वर्षीची दुसरी यंदा तिसरीत किती उरली, ते मोजा. त्याच खात्याच्या शाळा-अहवालात निलंबनाचं प्रमाण असतं, वारंवार गैरहजर मुलांचं असतं, आणि चौथीपासून मुलांनी वर्षभरात किती प्रगती केली तेही असतं. मला हा प्रगतीचा आकडा नुसत्या उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

विशेष गरजा असलेल्या मुलांचं काय होतं हेही विचारा, तुमच्या मुलाला गरज नसली तरी. 2012 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवलं की 2009-10 मध्ये अशी मुलं सरकारी शाळांत 11 टक्के होती, चार्टरमध्ये 8. मी एका ठिकाणी विचारलं की बोलण्याच्या अडचणीसाठी कोण आहे, तर उत्तर आलं, "अशा मुलांना दुसऱ्या शाळा जास्त सोयीच्या पडतात." आमची यादी तिथेच एका नावाने कमी झाली.

इमारतीचा प्रश्नही कायद्यातूनच आलेला. चार्टर शाळेला दर मुलामागे पैसे मिळतात, पण सुरुवातीच्या कायद्यात इमारतीसाठी वेगळी तरतूद नव्हती. म्हणून जुनं चर्च, गोदाम, ऑफिसचा मजला अशा जागांत शाळा भरल्या. मुलं खेळायला कुठे जातात, हिवाळ्यात काय करतात, हे तिथे जाऊनच बघावं लागतं.

आणि मुदत. केजी ते पाचवी म्हणजे सहा वर्षं, सनद पाच वर्षांची. तुमचं मूल त्या शाळेत पूर्ण काळ राहिलं तर नूतनीकरण एकदा तरी येणारच, कधी दोनदा. आयुक्तांचं मागच्या नूतनीकरणाचं पत्र सार्वजनिक असतं. त्यात शाळा कुठे कमी पडली आणि काही अटी घातल्या का, ते दिसतं. आम्ही शेवटी ज्या शाळेत नाव घातलं तिचं पत्र मी रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभ्यानेच वाचून काढलं. पुढची मुदत मुलगी तिसरीत असताना संपत होती. ते वर्ष मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.